नोंदवहीतले बळी : नाझी राजवटीतील समलिंगी व कृष्णवर्णीय आणि महाराष्ट्राशी जुळणारे धागे

नाझी राजवटीने १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत ज्यांचा छळ केला त्यांत युरोपातील ज्यू समाजाचे स्थान संख्येनेही आणि हेतूनेही सर्वांत वरचे आहे, आणि साठ लाख ज्यूंच्या संहाराची हकीकत मराठी वाचकाला निदान ढोबळपणे माहीत आहे. त्याच राजवटीने समलिंगी पुरुषांना आणि कृष्णवर्णीयांना कसे वागवले, हा प्रश्न मात्र मराठीतच काय, खुद्द जर्मनीतही दीर्घकाळ बाजूला पडला होता. छावण्यांतील समलिंगी कैद्यांविषयीचे पहिले पद्धतशीर संशोधन रुडिगर लाउटमान यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले, तर ऱ्हाइनलँडमधील कृष्णवर्णीय मुलांच्या सक्तीच्या नसबंदीवरचा राइनर पोमेरिन यांचा ग्रंथ १९७९ मध्ये आला. म्हणजे युद्ध संपून तीन दशके उलटल्यावर या विषयाला अभ्यासाचा दर्जा मिळाला.

या दोन समूहांचा विचार एकत्र करण्याचे कारण त्यांच्या दुःखाचे साम्य हे नाही, कारण त्यांचा छळ वेगवेगळ्या वाटांनी झाला. समलिंगी पुरुषाला स्वतःची ओळख लपवता येत होती, म्हणून त्याला शोधून काढण्याचे काम पोलिसांकडे आणि न्यायालयांकडे गेले. कृष्णवर्णीयाला कातडीचा रंग लपवता येत नव्हता, म्हणून त्याचे काय करायचे हे ठरवण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञांकडे आणि नागरिकत्वाची कागदपत्रे हाताळणाऱ्या कचेऱ्यांकडे गेले. दोन्हीकडे समान होती ती वर्गवारी, म्हणजे माणसाने प्रत्यक्ष काय केले याची चौकशी करण्याआधीच त्याला एका ठराविक खान्यात टाकून त्या खान्यावरून त्याचे भवितव्य ठरवण्याची पद्धत. ही पद्धत नाझींनी शून्यातून निर्माण केलेली नव्हती. तिची साधने आधीच्या दंडसंहितांत आणि आफ्रिकेतील वसाहतींत तयार होती, आणि म्हणूनच १९४५ मध्ये राजवट कोसळल्यावरही ती मागे उरली. या इतिहासाचे काही धागे पुण्यातील एका घराशी आणि अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) युद्धकालीन छावणीशी जुळतात, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

कलम १७५ आणि गुलाबी त्रिकोण

जर्मन साम्राज्याच्या १८७१ च्या दंडसंहितेतील कलम १७५ ने पुरुषा-पुरुषांमधील ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवले होते. त्याच्या दहा-अकरा वर्षे आधी, १८६० मध्ये, भारतीय दंडसंहितेत याच अर्थाचे कलम ३७७ आले होते, तेव्हा बर्लिनचा आणि नगरचा समलिंगी रहिवासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याच्या दृष्टीने जवळपास एकाच खान्यात उभा होता. जर्मनीत मात्र या कलमाविरुद्ध संघटित चळवळ उभी राहिली. माग्नुस हिर्शफेल्ड या ज्यू डॉक्टरने १८९७ मध्ये वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापन केली आणि १९१९ मध्ये बर्लिनमध्ये लैंगिकशास्त्र संस्था उघडली, जिथे उपचार, सल्ला, ग्रंथालय आणि संशोधन एका छताखाली चालत असे. १९२९ मध्ये संसदेच्या समितीने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळण्याच्या बाजूने मतही दिले होते. पुढे राजकारण बदलले आणि ती शिफारस कायद्यापर्यंत पोहोचलीच नाही.

हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच समलिंगींचे बार आणि नियतकालिके बंद करण्यात आली. ६ मे १९३३ रोजी हिर्शफेल्ड यांच्या संस्थेवर धाड पडली आणि तेथील ग्रंथसंग्रह चार दिवसांनी बर्लिनच्या चौकातील होळीत गेला. संस्थापक त्या वेळी परदेशात होते. ते परतले नाहीत आणि १९३५ मध्ये फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये कलम १७५ ची भाषा बदलण्यात आली. पूर्वी न्यायालयाला विशिष्ट शारीरिक कृत्य सिद्ध करावे लागे. सुधारित कलमात कोणताही ‘असभ्य’ व्यवहार पुरेसा ठरला, आणि पुढील निवाड्यांत नुसता स्पर्श किंवा रोखलेली नजर यांवरही शिक्षा होऊ लागल्या. १९३६ मध्ये समलिंगी संबंध आणि गर्भपात यांचा बंदोबस्त करणारी एक मध्यवर्ती कचेरी स्थापन झाली. या दोन विषयांची सांगड एकाच कचेरीत घातली गेली, कारण राज्याच्या हिशेबात दोन्हींमुळे जन्माला येऊ शकणारी मुले कमी होत होती.

या काळात सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली आणि त्यांपैकी सुमारे पन्नास हजारांना शिक्षा झाल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाच ते पंधरा हजारांच्या दरम्यान पुरुष बंदिछावण्यांत गेले, जिथे त्यांच्या गणवेशावर गुलाबी कापडाचा त्रिकोण शिवला जाई. छावणीत प्रत्येक वर्गाचा त्रिकोण वेगळ्या रंगाचा होता: राजकीय कैद्यांचा लाल, सराईत गुन्हेगारांचा हिरवा, ‘समाजविघातक’ ठरवलेल्यांचा काळा. गुलाबी त्रिकोणवाल्यांना पहारेकऱ्यांचा मार तर खावा लागेच, शिवाय इतर कैदीही त्यांना दूर ठेवत, आणि लाल त्रिकोणवाल्यांना जी आपसातील एकजूट तारून नेई ती यांच्या वाट्याला क्वचितच आली. लाउटमान यांच्या पाहणीनुसार या गटातील मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होते, जे त्यांनी तुलनेसाठी घेतलेल्या राजकीय कैद्यांच्या गटापेक्षा बरेच जास्त आहे. बुखेनवाल्ड छावणीत कार्ल वेर्नेट या डॅनिश डॉक्टरने १९४४ मध्ये समलिंगी कैद्यांवर संप्रेरकांचे, म्हणजे शरीरातील ग्रंथींच्या रसांचे, प्रयोगही केले.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. जर्मनीतील कलम १७५ स्त्रियांना लागू नव्हते, मात्र जोडून घेतलेल्या ऑस्ट्रियातील कायदा त्यांनाही लागू होता. जर्मनीत समलिंगी स्त्रियांचा छळ झाला तो बहुधा दुसऱ्या नावाखाली, ‘समाजविघातक’, ज्यू किंवा राजकीय विरोधक म्हणून. त्यामुळे नोंदवहीत त्या समलिंगी म्हणून सापडत नाहीत आणि संशोधकांना त्यांची संख्या सांगता येत नाही.

वसाहतीतून आलेले वंशशास्त्र

नाझी सत्तेत येण्याआधी जर्मनीत काही हजार कृष्णवर्णीय राहत होते. कॅमेरून, टोगो, पूर्व आफ्रिका या पूर्वीच्या जर्मन वसाहतींतून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सर्कस-नाटकांच्या फडांबरोबर आलेले लोक आणि त्यांची जर्मनीत जन्मलेली मुले यांचा त्यांत समावेश होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने ऱ्हाइनलँड व्यापला तेव्हा तेथे आफ्रिकी वसाहतींतील सैनिक तैनात होते. त्यांच्याविरुद्ध ‘काळी लाज’ या नावाने चाललेल्या प्रचारात जर्मनीतील उजव्यांपासून अनेक उदारमतवादी वर्तुळांपर्यंत सारे सामील झाले होते. या सैनिकांपासून जर्मन स्त्रियांना झालेली काही शे मुले पुढे ‘ऱ्हाइनलँडची संकरित संतती’ अशा तुच्छतादर्शक नावाने सरकारी कागदांत नोंदली गेली.

या नोंदींच्या मुळाशी जे शास्त्र होते ते आफ्रिकेत घडले होते. नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जर्मन सैन्याने १९०४ ते १९०८ दरम्यान हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. तेथे १९०५ पासून मिश्र विवाहांवर बंदी होती. ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये तेथील रेहोबोथ गावी जाऊन युरोपीय पुरुष व आफ्रिकी स्त्रिया यांच्या वंशजांची मोजमापे घेतली आणि १९१३ च्या ग्रंथात वंशसंकर हानिकारक असल्याचा निष्कर्ष मांडला. हेच फिशर १९२७ मध्ये बर्लिनच्या दाहलेम भागात स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

नाझी राजवटीत या संस्थेचे शास्त्र थेट कारभाराच्या उपयोगी पडले. न्यूरेंबर्गचे वंशविषयक कायदे सप्टेंबर १९३५ मध्ये ज्यूंना लक्ष्य करून आले, आणि नोव्हेंबरमध्ये गृहमंत्र्यांच्या परिपत्रकाने तेच निर्बंध ‘जिप्सी’ व ‘निग्रो’ यांनाही लागू केले, त्यामुळे कृष्णवर्णीयांना ‘जर्मन रक्ताच्या’ व्यक्तीशी विवाह किंवा संबंध ठेवणे बेकायदा ठरले. १९३७ मध्ये गुप्त पोलिसांनी एका खास आयोगामार्फत ऱ्हाइनलँडच्या मुलांना हुडकून काढले, फिशर यांच्यासह वंशशास्त्रज्ञांनी त्यांच्याबद्दल तज्ज्ञांचे दाखले दिले, आणि किमान ३८५ मुलांची नसबंदी करण्यात आली. १९३३ च्या नसबंदी कायद्यात या मुलांना बसवता येईल असे एकही कलम नव्हते, म्हणून हे सारे गुपचूप उरकण्यात आले. सारलँडमधील हान्स हाउक हे या मुलांपैकी एक. ज्या राज्याने त्यांना प्रजननास अपात्र ठरवले त्याच राज्याने पुढे त्यांना सैन्यात घेऊन रशियाच्या आघाडीवर धाडले.

फ्रान्सच्या सैन्यातील आफ्रिकी शिपायांच्या वाट्याला मात्र उघड कत्तल आली. जून १९४० मध्ये लिऑनजवळच्या शासले गावी आणि अन्यत्रही शरण आलेल्या सेनेगाली शिपायांना गोऱ्या सहकाऱ्यांपासून बाजूला काढून जर्मन सैन्याने गोळ्या घातल्या. कृष्णवर्णीयांच्या सरसकट संहाराचा लेखी आदेश आढळत नाही, आणि म्हणून त्यांचा छळ ज्यूंच्या संहाराच्या मापाने मोजू नये, याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. परंतु आदेश नसतानाही शाळा, नोकरी, विवाह, पासपोर्ट आणि अखेर अपत्यप्राप्ती यांची दारे एकेक करून बंद होत गेली, हे रॉबी एटकेन आणि ईव्ह रोझेनहाफ्ट यांच्यासारख्या संशोधकांनी कुटुंबवार कागदपत्रे लावून दाखवले आहे.

कर्वे घराण्यातील दोन नकार

फिशर यांच्या या संस्थेत १९२८ मध्ये पुण्याहून एक तरुण विद्यार्थिनी दाखल झाली, ती म्हणजे पुढे ‘युगान्त’मुळे घरोघरी पोहोचलेल्या इरावती कर्वे. मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि त्यामागे युरोपीय वंशाच्या कवट्यांत ही असमानता अधिक असून ती बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, हे मार्गदर्शकांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी संग्रहातील कवट्या, ज्यांत वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या, एकेक करून मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडून १९३० मध्ये पदवी मिळवली. ज्या आकड्यांवर पुढे मुलांच्या नसबंदीचे दाखले लिहिले गेले त्या प्रकारच्या आकड्यांची तपासणी त्याच इमारतीत, सात वर्षे आधी, एका मराठी बाईने करून ठेवली होती. तरीही या घटनेतून वीरकथा रचणे योग्य होणार नाही, कारण महाराष्ट्रात परतल्यावर इरावतीबाईंनी जातिसमूहांच्या अभ्यासासाठी शरीरमापनाची हीच तंत्रे अनेक वर्षे वापरली. श्रेष्ठ-कनिष्ठतेचा सिद्धान्त त्यांनी नाकारला, मोजपट्टी मात्र सोडली नाही.

त्यांचे दीर रघुनाथ धोंडो कर्वे यांचा संबंध या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाशी येतो. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. नी संततिनियमन आणि लैंगिक ज्ञान यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उघड उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांच्या त्या प्रश्नांमध्ये समलिंगी आकर्षणाचाही विषय होता. लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेल्या मासिकाने अशा शंकांना शास्त्राच्या आधारे उत्तर दिले तर त्यात अश्लीलता कसली, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड भरावा लागला. हिर्शफेल्ड यांच्या ग्रंथांची राख होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

हिर्शफेल्ड स्वतः १९३१ मध्ये जगप्रवासात हिंदुस्थानात येऊन गेले होते आणि अलाहाबादेत त्यांची जवाहरलाल नेहरूंशी भेटही झाली होती. निर्वासित अवस्थेत त्यांनी जे अखेरचे मोठे लेखन केले त्याचा विषय लैंगिकता नव्हता, तर वंशवाद होता. ‘रेसिझम’ नावाचे ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. समलिंगींना रोगी ठरवणारी आणि मानवजातीची श्रेष्ठ-कनिष्ठ वंशांत विभागणी करणारी दृष्टी एकच आहे, हे या प्रश्नाच्या दोन्ही अंगांना एकत्र पाहणारे आकलन इतक्या लवकर फार थोड्यांनी मांडले.

अहमदनगरची छावणी

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच हिंदुस्थान सरकारने देशातील जर्मन पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडले आणि त्यांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत केली. पहिल्या महायुद्धातही जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना ठेवण्याचे हेच मुख्य ठिकाण होते. या वेळी पकडलेल्यांत नाझी पक्षाचे सदस्य असलेले कंपन्यांचे अधिकारी होते, नंगा पर्बतच्या मोहिमेवरून परतताना कराचीत अडकलेला गिर्यारोहक हाइन्रिक हारर होता, मिशनरी होते, आणि त्यांच्याच बराकींच्या ओळीत हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबई-कलकत्त्याला आलेले ज्यू निर्वासितही होते. पासपोर्टवरचा शिक्का एकच असल्याने छळ करणाऱ्यांचे समर्थक आणि छळ झालेले लोक एकाच काटेरी कुंपणाआड आले.

येथे लक्षात घ्यावा असा फरक पुढे दिसतो. सरकारने एक चौकशी समिती नेमून एकेका बंद्याची पूर्वपीठिका तपासली, मुंबईतील ज्यू साहाय्य संस्थेने निर्वासितांची हमी घेतली, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना काही महिन्यांत सोडण्यात आले. फ्रान्स पडल्यावर १९४० मध्ये पुन्हा धरपकड झाली आणि काही कुटुंबांना पुरंदर व सातारा येथील देखरेखीच्या वसाहतींत राहावे लागले, इतर बंदी देवळालीमार्गे डेहराडूनला गेले. वर्ग चुकीचा पडला असे म्हणण्याची, ते कुणीतरी ऐकून घेण्याची आणि कागद बदलण्याची सोय अपुरी का होईना पण येथे होती, आणि नेमकी हीच सोय नाझी कारभाराने बंद केली होती.

मात्र ही सोय सर्वांसाठी नव्हती, हेही त्याच जिल्ह्यात दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे दोन भाग होते: पहिल्यात काही जमाती जन्मानेच गुन्हेगार मानून त्यांची नोंद केली जाई, तर दुसऱ्यात, जो उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांपुरता होता, हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे जन्म आणि लैंगिक ओळख या दोन्ही कारणांनी माणसांना खान्यात घालण्याचा प्रकार एकाच कायद्याच्या पानांत आढळतो. हिजड्यांविषयीचा भाग १९११ मध्ये गळला आणि जमातींविषयीचा भाग त्याच वर्षी मुंबई इलाख्याला लागू झाला. इलाख्यातील फासेपारधी आणि कैकाडी यांसारख्या समाजांतील नोंदलेल्या माणसांवर ठराविक हजेरीचे आणि परवान्याशिवाय गाव न सोडण्याचे बंधन येऊ शकत असे. हा कायदा आणि नाझी राजवट यांची तुलना संहाराच्या पातळीवर करता येत नाही. पण नगरच्या छावणीत जर्मन निर्वासिताची फाइल समितीपुढे उघडली जात होती तेव्हा श्रीगोंदा-कर्जतच्या माळावरील पारध्याची फाइल उघडायला कोणतीही समिती बसलेली नव्हती. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला.

तग धरण्याच्या तऱ्हा

वाचलेल्यांच्या हकीकतींत कोणताही एक साचा सापडत नाही. हॅम्बुर्गमध्ये जर्मन परिचारिकेच्या पोटी जन्मलेला हान्स-युर्गेन मसाक्वाई हा लायबेरियन राजनैतिक अधिकाऱ्याचा नातू होता. शाळकरी वयात इतर मुलांप्रमाणे आपल्या स्वेटरवर स्वस्तिकाचे चिन्ह लावून उभा असलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, आणि पुढे हिटलरच्या बालसंघटनेने त्याला नाकारले. १९४३ च्या भीषण बाँबहल्ल्यांतून तो आईसह वाचला आणि नंतर अमेरिकेत नामवंत पत्रकार झाला. बर्लिनचा थिओडोर मिखाएल आफ्रिकेवरील प्रचारपटांत ‘जंगली’ माणसाची कामे करत जगला, कारण वसाहती परत मिळवण्याची स्वप्ने दाखवणाऱ्या चित्रपटांना काळे चेहरे हवे होते, आणि त्या गरजेने काही जणांना पोलिसांपासून थोडेबहुत संरक्षण मिळे.

हे संरक्षण किती तकलादू होते ते बायुमे मोहम्मद हुसेन यांच्या आयुष्यावरून कळते. दार-एस-सलाममध्ये जन्मलेले हुसेन बालवयातच जर्मन वसाहती फौजेत होते. थकलेला पगार मागण्यासाठी ते बर्लिनला आले, वेटरचे काम केले, विद्यापीठात स्वाहिली शिकवली आणि वीसेक चित्रपटांत लहान भूमिका केल्या. १९४१ मध्ये गोऱ्या स्त्रीशी संबंध ठेवल्याच्या कारणावरून त्यांना पकडून खटल्याविना साक्सेनहाउझेन छावणीत पाठवण्यात आले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

समलिंगींमध्ये कुणी सोयीचा विवाह करून, कुणी गाव बदलून, कुणी पूर्ण मौन पाळून तगले, आणि कुणी थेट नोंदवहीवरच घाव घातला. डच चित्रकार व लेखक विलेम अरोंडेउस यांनी मार्च १९४३ मध्ये साथीदारांसह अॅमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कचेरीत पोलिसांच्या वेषात शिरून स्फोट घडवला. खोटी ओळखपत्रे पडताळून पाहण्यासाठी जर्मन ज्या नोंदी वापरत त्यांतील हजारो कार्डे नष्ट झाली. जुलैमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्याला स्वतःला एका खान्यात बंद केले होते त्याने इतरांना खान्यात टाकणारी कार्डेच जाळली, हे या इतिहासातील सर्वांत नेमके प्रतिकाराचे कृत्य म्हणावे लागेल.

१९४५ नंतर

युद्ध संपल्यावर छावण्यांचे दरवाजे उघडले, पण कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये केलेल्या स्वरूपातच पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत कायम राहिले आणि त्याखाली आणखी सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. व्हिएन्नाचे योसेफ कोहूट यांनी गुलाबी त्रिकोण लावून अनेक वर्षे छावण्यांत काढली. भरपाईसाठी केलेला त्यांचा अर्ज नाकारण्यात आला, कारण कायद्याच्या दृष्टीने ते छळाचे बळी ठरत नव्हते, शिक्षा भोगलेले गुन्हेगार होते. १९७२ मध्ये त्यांची हकीकत हाइन्झ हेगर या टोपणनावाने पुस्तकरूपात आली, आणि त्यांच्या गणवेशावरचा कापडी त्रिकोण आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. नाझी काळातील शिक्षा जर्मन संसदेने २००२ मध्ये रद्द केल्या, आणि युद्धोत्तर शिक्षा रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. फिशर यांच्यावर कधी खटला झाला नाही. उलट १९५२ मध्ये जर्मन मानववंशशास्त्र परिषदेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. नसबंदी झालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी फारच थोड्यांना भरपाई मिळाली. मे अयीम आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनात कृष्णवर्णीय जर्मन स्त्रियांनी हा इतिहास प्रथमच स्वतःच्या तोंडून मांडला. भारतात कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला.

या तारखा शेजारी ठेवल्या की प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. राजवट बदलायला एक दिवस पुरला, तर तिने वापरलेले वर्ग कायद्याच्या पुस्तकातून पुसायला कुठे चोवीस, कुठे सत्तावन्न, तर कुठे सत्तरहून अधिक वर्षे लागली, आणि कायद्यातून पुसल्यावरही ते पोलीस ठाण्यातील संशयात, भरपाईच्या अर्जावरील शेऱ्यात आणि शेजाऱ्याच्या नजरेत राहिले. म्हणून नाझी काळातील समलिंगींचा व कृष्णवर्णीयांचा इतिहास हा क्रूर माणसांचा इतिहास म्हणून वाचण्यापेक्षा वर्गवारीला आव्हान देण्याची वाट कुठे उघडी राहिली आणि कुठे बंद झाली याचा इतिहास म्हणून वाचणे अधिक उपयोगाचे आहे. इरावतीबाईंनी ती वाट मोजमापातून शोधली, बाबासाहेबांनी न्यायालयातून, नगरच्या निर्वासितांनी चौकशी समितीतून आणि अरोंडेउस यांनी स्फोटकांनी. यांपैकी पहिल्या तीन वाटा ज्या समाजात सर्वांना खुल्या असतात, त्या समाजावर चौथीची पाळी येत नाही.